आपल्याच हाताला आपलीच नजर

"मॅडम, तुम्हाला इथे पाठवलं कोणी?"

खैरनार मास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी ट्रेनिंगच्या काचेच्या खोलीत नुकतं पाऊल टाकलं होतं. माझ्या हातात गुंडाळी केलेला तक्ता होता आणि आत सुरा असावा तसे ते त्या गुंडाळीकडे बघत होते.

"एचआरमधून आलेय मी."

"ते दिसतंय. पाठवलं कोणी?"

सातपूरच्या आमच्या कंपनीत पंपाच्या आणि पंख्याच्या मोटारी तयार होतात. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवतात आणि त्यांची बाहेर डोकावणारी टोकं दोऱ्याने आवळून बांधतात. या बांधणीला लेसिंग म्हणतात. दोरा सैल राहिला तर मोटार फिरताना तारा थरथरतात आणि घासतात. जास्त आवळला तर तारेवरचं वार्निश सोलून निघतं. हे काम अजून तरी हातानेच होतं आणि ते बहुतेक मुलीच करतात. या मुलींना शिकवायचे खैरनार मास्तर.

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळायची होती. कामगारांना शिकवतात कसं, हे त्यांचे ऑडिटर स्वतः येऊन बघणार होते. म्हणून ट्रेनिंग 'सिस्टीममध्ये आणायचं' काम माझ्याकडे आलं. मला अशी कामं आवडतात. काय आहे, काय नाही, काय पाहिजे अशा तीन याद्या केल्या की निम्मं काम झालेलं असतं. ट्रेनिंगच्या खोलीची 'काय आहे' ही यादी फारच आखूड निघाली. टेबलं, स्टुलं, दोऱ्याची रिळं, आणि मास्तर.

मास्तर उंच आणि शिडशिडीत होते. मे महिन्यातही त्यांच्या शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली असत. मूळ सटाण्याकडचे. शुद्ध मराठी बोलायचे, पण राग आला किंवा घाई असली की अहिराणीवर जायचे. आयटीआयनंतर सगळं आयुष्य वाइंडिंगमध्ये गेलं होतं आणि रिटायर व्हायला फार दिवस उरले नव्हते. त्यांचा मुख्य गुण म्हणाल तर संशय.

कँटीनचा चहा ते आधी हुंगायचे. "कालचाच आहे. आलं टाकून दडपलाय," असं कँटीनवाल्याच्या तोंडावर सांगायचे आणि मग पूर्ण प्यायचे. घरी जाताना दोऱ्याच्या रिळावर जिथे दोरा संपला तिथे स्केचपेनने बारीक खूण करायचे आणि सकाळी आल्यावर आधी ती खूण तपासायचे. हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं की मशीन "थँक्यू" म्हणते. मास्तर कान लावून उभे राहायचे. "म्हणाली का? नीट म्हणाली नाही." की पुन्हा बोट. मागे रांग तुंबायची. कोणीतरी ओरडायचं, "मास्तर, ती म्हणाली, आता तुम्ही तिला वेलकम म्हणा आणि सरका!" नोटीस बोर्डावर कागद लागला की सगळे तो वाचून पुढे जायचे, मास्तर उभेच. मी एकदा विचारलं, इतकं काय वाचताय? म्हणाले, "काय लिहिलंय ते वाचून झालं. काय लिहिलं नाही ते बघतोय."

हे सगळं गमतीचं होतं. पण संशय घेणं हे माझंही काम आहे, आणि मला त्यांचाच संशय यायला लागला.

कारण साधं होतं. त्यांनी शिकवलेल्या मुलींची बांधणी कंपनीत सर्वांत चांगली असायची. मोटारी परत येण्याचं प्रमाण त्यांच्या मुलींच्या टेबलावर जवळजवळ नव्हतंच. पण शिकवलं काय, याचा कागद कुठे नव्हता. नोंदी कोऱ्या, चाचण्यांचे फॉर्म कोरे. आणि शिकवताना बघावं तर मास्तर गप्पा मारत असायचे! मुलगी दोरा ओवतेय आणि हे तिला विचारतायत, "तुमच्याकडे नागलीचं पीक यंदा कसं?" मला वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. एक तर आधीच हात बसलेल्या मुली निवडून घेतो, नाहीतर अवघड मोटारी स्वतः बांधून त्यांच्या नावावर लावतो, नाहीतर खरी युक्ती कोणी बघत नसताना सांगतो.

माझ्या गुंडाळीतला तक्ता मी मोठ्या हौसेने छापून घेतला होता. चांगल्या बांधणाऱ्या मुलींच्या हातांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली सूचना. अंगठ्याने दाब द्या. तर्जनी आडवी ठेवा. मनगट आत वळवा. रंगीत, लॅमिनेट केलेला. तो मी टेबलासमोर, नजरेच्या उंचीवर लावला.

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मास्तरांचं जर्किन लटकत होतं.

"मास्तर, हे काय?"

"खिळा चांगला आहे."

"तक्ता दिसत नाही त्याच्यामुळे."

"हो ना," मास्तर म्हणाले, आणि समोरच्या मुलीकडे वळले. "दोऱ्याकडे बघ. दोरा कुठे चाललाय ते बघ. हात येतो त्याच्या मागं."

मी जर्किन काढून खुर्चीवर ठेवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर ते परत तक्त्यावर. असं काही दिवस चाललं. शेवटी मी स्टूल ओढून समोर बसले आणि म्हटलं, आज सरळ सांगा, तक्त्याशी तुमचं काय वैर आहे?

"मॅडम, मुलगी वर तक्ता बघते. मग खाली स्वतःची बोटं बघते. बोटांकडे बघितलं की बोटं बावरतात. एवढा वेळ नीट चाललेली असतात, बघितलं की अडखळतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नजर लागते. आपल्याच हाताला आपलीच नजर लागते."

मी माझ्या यादीत लिहिलं: अंधश्रद्धा, आणि पुढे प्रश्नचिन्ह. संगणकावर चालणारी मशीनं असलेल्या कारखान्यात हा माणूस नजर लागण्याच्या गोष्टी करत होता. मनातल्या मनात मी त्याला लिंबू-मिरची लावून पाहिली आणि ती त्याला शोभली.

तरी मी त्यांच्या शिकवणीला बसत राहिले. त्यांच्या तोंडी अंगठा, मनगट, कोपर हे शब्द कधी येतच नाहीत, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. ते बोलायचे ते दोऱ्याबद्दल, तारेबद्दल, गाठीबद्दल. "तारेला अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटलं पाहिजे, दोरखंडाने बांधल्यासारखं नाही." आणि सर्वांत जास्त वेळा, "गाठ ऐक." दोरा ओढताना सरसर आवाज येतो आणि गाठ जागेवर बसली की बारीकसा टक् होतो. मला तो ऐकू यायला बरेच दिवस लागले. एखादी मुलगी "सर, बरोबर झालं का?" असं विचारायची, तर ते चिडून म्हणायचे, "माले काय विचारतेस? गाठ काय म्हणाली?" शाबासकी त्यांनी कोणाला दिलेली मी पाहिली नाही. शाबासकी दिली की माणूस आपले हात कौतुकाने बघत बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा मी काहीतरी टिपून घेत होते तेव्हा त्यांनी माझ्यापुढे मोटार सरकवली. "तुम्हीच करा. मग लिहा काय लिहायचं ते."

मी नको नको म्हणत बसले. त्यांनी एकदा करून दाखवलं, दोरा हातात दिला आणि लगेच भावाची गोष्ट सुरू केली. भाऊ सटाण्याच्या मार्केटला कांदा घेऊन गेला होता. लिलावात भाव एक बोलला गेला आणि हिशेबाच्या पट्टीवर दुसराच आला. "आता तुम्ही सांगा मॅडम, आडत्याने गंडवलं, का ट्रॅक्टरवाला त्याला सामील होता?" मी दोऱ्यावर नजर ठेवून विचार करायला लागले. म्हटलं, माल वजन करताना भाऊ कुठे होता? "चहा प्यायला गेला होता." मग संपलंच, मी म्हटलं, चहा कोणी पाजला ते आधी बघा. मास्तर एकदम खूश झाले. या विषयात मी त्यांच्या जातीची निघाले. तेवढ्यात मी बऱ्याच गाठी मारल्या होत्या आणि त्या बघण्यासारख्या होत्या. मला स्वतःलाच खरं वाटेना.

"छान," मास्तर म्हणाले. "आता सांगा, तुम्ही अंगठा आधी दाबता का बोट आधी?"

मी हातांकडे पाहिलं. अंगठा? आधी? मी अंगठा दाबला, तर दोरा बोटावरून निसटला. बोट सावरलं तर गाठ उलटी बसली. त्यानंतर एक गाठ नीट येईना. मास्तर हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं आणि मला राग आला.

"तुम्ही मुद्दाम बोलण्यात गुंतवलंत."

"मग? आणि तुम्ही मुद्दाम तक्ता लावलात."

नंतर हे मला दुसरीकडेही दिसलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामाला फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. मी मागे उभी राहून "आई, गुडघा वाकव, टाच टेक" असं सांगत होते आणि आई लाकडासारखी चालत होती. त्या बाईंनी मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि आईला म्हणाल्या, "आजी, फरशीची ती रेघ आहे ना, तिच्यावर पाय द्यायचा नाही, पलीकडे जायचं." आई रेघा ओलांडत बाल्कनीपर्यंत गेली. म्हणजे मास्तरांच्या म्हणण्यात काहीतरी होतं. नजर लागणं वगैरे त्यांची भाषा होती, गोष्ट खरी होती.

पण त्याने माझा संशय गेला नाही, उलट वाढला. एवढं पक्कं माहीत आहे, तर लिहून का देत नाहीत? मी तक्त्यावर अंगठ्याऐवजी दोरा लिहीन, टक् लिहीन, काय अडलंय? मी तसं म्हटल्यावर मास्तर दोऱ्याचं टोक वळायला लागले.

"मॅडम, तक्ता नीट झाला की मास्तर लागणार नाही. मास्तर लागला नाही की जुनी मुलगी कशाला पाहिजे? सहा महिने झाले, काढ. नवी आण, तक्त्यापुढे बसव." त्यांनी काचेपलीकडे हात केला. तिथे मुली रांगेत बसून बांधत होत्या. "मी हात तयार करतो आणि तुम्ही घरी पाठवता. यादी तुमच्याकडूनच निघते ना?"

यादी माझ्या टेबलावरून जायची हे खरं होतं. नावं वरून यायची, हेही खरं होतं. दुसरं वाक्य मी बोलून दाखवलं. मास्तरांनी मान हलवली, चहा हुंगल्यानंतर हलवायचे तशी.

त्या मुलींमध्ये मनीषा गावित होती. सुरगाण्याच्याही पुढच्या पाड्यावरची. तिचे आईवडील दरवर्षी हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला यायचे आणि तीही बारावीपर्यंत त्यांच्या टोळीत असायची. आता सातपूरला आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहत होती. कमी बोलणारी, पण बोलली तर नेमकं. तिच्या कंत्राटाचे सहा महिने संपत आले होते. यावेळी मात्र वेगळं होतं. पुण्याच्या कंपनीची अट होती की या लाइनवर निदान एक जागा तरी कायम कामगाराची पाहिजे, आणि त्याची परीक्षा त्यांचेच ऑडिटर घेतील. मनीषाचं नाव गेलं. पास झाली तर कायम. नाही झाली तर त्याच आठवड्यात मुदत संपत होती.

"नाही झालं तर?" मी तिला विचारलं. मला पुढची तयारी आधी करून ठेवायची सवय आहे.

"तर काय, बागेत," ती म्हणाली. "आई आलीय ना खाली कामाला. तिच्यासंगं ऱ्हायचं."

परीक्षेचा फॉर्म आला तो मी मास्तरांना वाचून दाखवला. एका कलमाशी त्यांनी मला थांबवलं. 'कामगाराने हातांची प्रत्येक हालचाल समजावून सांगावी.'

"हे कोणी लिहिलं?"

"पुण्याहून आलंय."

"पुण्याहून नाही. इथूनच कोणीतरी सांगितलंय. ही एकच ओळ पुरे आहे तिला पाडायला." त्यांनी फॉर्म उजेडात धरला, उलटा केला, शिक्का बघितला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला वाचता येत होतं. मी खांदे उडवले. संशयी माणसाला शपथा घालून उपयोग नसतो.

ऑडिटर तरुण होता, सभ्य होता, हातात टॅब. मनीषा स्टुलावर बसली, तो तिच्या शेजारी, मी फॉर्म घेऊन टेबलाच्या टोकाला, मास्तर कोपऱ्यात. पहिली गाठ तिने सहज मारली.

"गुड. आता बोलत बोलत करा," ऑडिटर म्हणाला. "आत्ता अंगठा काय करतोय?"

मनीषाने अंगठ्याकडे पाहिलं. तिचे खांदे वर गेले. दोरा दोन बोटांमध्ये अडकला, तिने सोडवला, पुन्हा ओढला, पण गाठ लोंबतच राहिली.

"घाबरू नका. तर्जनी कुठे आहे?"

तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. पुढची गाठ त्याहून वाईट. मी फॉर्मवर पेन धरून बसले होते आणि मला माझा तो दिवस आठवत होता.

"मनीषा," कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, "माले गाठ ऐकू येत नही शे."

तिने मान जरा तिरकी केली. दोरा सरसरला. टक्. पुढची गाठ. टक्.

ऑडिटर मागे वळला. "तुम्ही काय बोललात? कोणती भाषा ही?"

"अहिराणी."

"काय सांगितलंत तिला?"

"ऐकू येत नाही म्हटलं. वय झालं आता."

ऑडिटर माझ्याकडे वळला. "मॅडम, ही सूचना होती का? आतून मदत झाली तर परीक्षा रद्द होते. तुम्ही साक्षीदार आहात."

मला खरंच ठरवता येईना. त्यांनी उत्तर सांगितलं नव्हतं, पण उपयोग तर झाला होता. मी म्हटलं, "त्यांच्या कानाचं मला माहीत नाही." हे अक्षरशः खरं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मास्तरांना राहवलं नाही. ते पुढे आले. "साहेब, एक करा. या कोऱ्या कागदावर तुमची सही करा."

"सही? कशाला?"

"करा तर. बँकेचा कागद नाही हा."

त्याने सही केली.

"आता कोणतं बोट कधी हलतं ते सांगत सांगत, बोटांकडे बघून, तीच सही परत करा. जुळते का बघू."

मनातून मी मास्तरांना दाद दिली. काय सुंदर सापळा! ऑडिटरने पेन धरलं. "अंगठा दाबला, तर्जनी पुढे, आणि मधलं बोट खाली," असं म्हणत त्याने सही केली आणि कागद फिरवून मास्तरांपुढे ठेवला.

दोन्ही सह्या अगदी सारख्या होत्या. त्याची सही म्हणजे नुसती एक आडवी रेघ होती.

मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले. इतका मोठा विश्वासघात त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. "ही काय सही आहे?" ते पुटपुटले. "बँक पैसे कशी देते?"

"तुम्ही बाहेर थांबा," ऑडिटर म्हणाला. आता त्याचा आवाज सभ्य नव्हता. "परीक्षा पहिल्यापासून होईल."

मास्तर बाहेर गेले. काचेपलीकडे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मनीषापुढे नवी मोटार आली. ऑडिटरने टॅबवर बोट ठेवलं. "हं. करा आणि सांगा."

मनीषाने दोरा उचलला आणि परत खाली ठेवला.

"साहेब, आधी करू आनी मग सांगू, असं चालंल का?"

ऑडिटरने माझ्याकडे पाहिलं. मी कलम मोठ्याने वाचलं. 'समजावून सांगावी' असं होतं. केव्हा, ते लिहिलेलं नव्हतं. काय लिहिलं नाही ते बघायची सवय मला एव्हाना लागली होती. ऑडिटरने कलम स्वतः वाचलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "चालेल."

तिने मान तिरकी केली. मग तिच्यासाठी आम्ही दोघं तिथे नव्हतोच. दोरा जात होता, येत होता, टक्, सरसर, टक्. आत्तापर्यंत मी शेकडो मोटारी बांधताना पाहिल्या असतील, पण एका मोटारीवर नोकरी टांगलेली असताना कोणी इतकं निवांत बांधताना पाहिलं नव्हतं. ऑडिटरने मोटार उचलली, नखाने दोरा ओढून बघितला, भिंगातून तार बघितली. एकही खोट नव्हती.

"आता सांगा."

मनीषाने हात मांडीवर ठेवले, समोर भिंतीकडे पाहिलं आणि घडाघडा म्हणायला लागली. अंगठ्याने दाब द्यावा. तर्जनी आडवी ठेवावी. मनगट आत वळवावं. शब्द न् शब्द माझ्या तक्त्यावरचा! जेवणाच्या सुट्टीत केव्हातरी जर्किन बाजूला करून तिने तो पाठ केला होता. ऑडिटर एकेका ओळीसमोर बरोबरची खूण करत गेला.

तिच्या हातांनी यातलं निम्मंही तसं केलं नव्हतं. तर्जनी कधी आडवी नव्हती आणि मनगट बाहेर वळत होतं. मी बाजूने बघत होते, मला दिसलं होतं. ऑडिटरने ते मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मोटार बांधलेली समोर होती.

बाहेर आले तर मास्तर दारालाच.

"काय व्हयनं?"

"पास."

त्यांचा चेहरा क्षणभर उघडा पडला, आणि लगेच मिटला. "कसं काय?"

मी सांगितलं, तिने आधी करते, मग सांगते असं विचारलं.

"हे तिला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तिचं तिनेच विचारलं."

"माले सांगू नका, मॅडम. तुम्हीच सांगितलं असणार. आधीच ठरवून ठेवलं असणार तुम्ही दोघींनी." मग म्हणाले, "बरं केलं."

मी नाही म्हणाले, अनेकदा म्हणाले. माझ्या वाट्याला न केलेल्या कामाचं श्रेय आलं आणि ते परत करायची काही सोय नव्हती. तक्ता तिला पाठ होता हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. एवढा धक्का कशाला द्यायचा?

कायम झाल्याचं पत्र मनीषाने त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. प्रोबेशन. "हे बघ. इथून काढतील तुला. या शब्दाच्या आड लपलेत ते." मनीषा हसली. ते हसले नाहीत. पुढे ते रिटायर झाले, तेव्हा निरोप समारंभात सगळे त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलत होते, तेव्हाही ते शाल मांडीवर घेऊन साहेबांच्या भाषणात काय आलं नाही ते ऐकत असावेत, असा चेहरा करून बसले होते.

त्यानंतर ते कंपनीत आले ते थंडीच्या दिवसांत, पीएफच्या कुठल्यातरी सहीसाठी. काम झाल्यावर माझ्या केबिनपाशी आले. गळ्यात पाहुण्यांचा पास होता, तो त्यांनी शर्टाच्या आत टाकला होता. म्हणाले, जरा आत जायचंय. पाहुण्यांना लाइनवर सोडत नाहीत. मी त्यांना काचेच्या पॅसेजपर्यंत नेलं. पलीकडे मुलींची रांग कामात होती. मनीषा आमच्याकडे पाठ करून बसली होती.

"बोलावते तिला," मी म्हटलं.

"नको, नको. मी बघतोय हे कळलं की हात बिघडेल तिचा."

"मग इकडे या. तिथून हात दिसत नाहीत तिचे."

"हात कशाला बघू? हात माहीत आहेत मला." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला. "पत्र काय, कोणीही छापतं. त्या जागेवर तीच बसते का, तेवढं बघायचं होतं."

आम्ही थांबलो. पाठमोरी मुलगी म्हटली तर कोणीही असू शकली असती. सगळ्यांच्या डोक्याला सारख्याच निळ्या टोप्या होत्या. मी नाव सांगून उपयोग नव्हता, मास्तरांनी ते मानलं नसतं. तेवढ्यात नवं रीळ घ्यायला तिने मान वळवली आणि तिचा चेहरा काचेतून स्वच्छ दिसला.

"तीच शे," मास्तर म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता गेटकडे चालायला लागले.